गेम खेळणाऱ्या पोरांना गेम बनवायला द्या, कोडिंग आलंच पाहिजे असं काही नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी जवळ आली की पेपरात दोन गोष्टी हमखास दिसायला लागतात, एक म्हणजे मुलं मोबाईलवर गेम खेळून वाया चालली अशी पालकांची पत्रं आणि दुसरी म्हणजे कोडिंग शिका गेम बनवा अशा क्लासच्या जाहिराती, ज्यांची फी बघून साधा पगारदार माणूस पान उलटतो. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे आणि ती जवळजवळ फुकट आहे, त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा पण सॉफ्टवेअरची नावं तेवढी राहू द्या कारण लोकांना नेमकी तीच माहीत नाहीत.

मी कॉमर्सवाली, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, कोडिंगशी माझा काडीचा संबंध नव्हता. माझा भाचा नववीत आहे आणि तो गेम खेळायचा थांबत नाही म्हणून ताई रोज वैतागायची, त्याला गेम बनवायला बसवू असं ठरलं आणि त्याच्याबरोबर मीही बसले. आता तो खेळतोच, पण खेळताना मधेच थांबून "मावशी, ह्यांनी हा शत्रू मुद्दाम इथं ठेवलाय, आपण उडी मारायलाच पाहिजे म्हणून" असं सांगतो. मला हा फरक फार मोठा वाटतो. जो नुसता खेळतो त्याला गेम पकडून ठेवतो, जो बनवतो त्याला कसं पकडून ठेवतात ते दिसायला लागतं.

लोकांचा पहिला गैरसमज असा की गेम बनवायचा म्हणजे आधी दोनचार वर्षं इंग्रजीत कोड लिहायला शिकायचं. तसं नाहीये. लहान मुलांसाठी स्क्रॅच आहे, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबनं 2007 साली सगळ्यांसाठी खुलं केलेलं, साधारण 8 ते 16 वयाच्या मुलांसाठी, पूर्ण फुकट. ब्राउझरमधे चालतं आणि नेट नसेल तर कॉम्प्युटरवर टाकूनही चालतं. यात काही टाइप करायचं नसतं, रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक लावायचे, हिरवा झेंडा दाबला की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं. हे इतकं पाच मिनिटांत जमतं, आणि मग पोरगं स्वतःच विचारतं की भिंतीला धडकल्यावर वळवायचं कसं, स्कोअर कसा मोजायचा, दोन मांजरं कशी आणायची. याहून लहान, पाचसहा वर्षांच्या मुलांना स्क्रॅच ज्युनियर आहे, त्यात वाचता येण्याचीही गरज नाही, सगळी चित्रंच.

पण मला जास्त सांगायचंय ते जीडेव्हलपबद्दल, कारण सातवीआठवीच्या पुढची पोरं आणि माझ्यासारखी मोठी माणसं स्क्रॅचच्या मांजराला लवकर कंटाळतात आणि त्यांना खरोखरीचा दिसणारा गेम पाहिजे असतो. हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याची सगळी आतली रचना जगासमोर उघडी आहे आणि वापरायला पैसे नाहीत. कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. यात एक सीन असतो, त्यात वस्तू ठेवायच्या, आणि मग इव्हेंट लिहायचे. इव्हेंटला दोन बाजू, डावीकडे अट आणि उजवीकडे कृती. डावीकडे "उजवा बाण दाबला असेल तर", उजवीकडे "खेळाडू पुढे सरकव". दोन्ही यादीतून निवडायचं, लिहायचं फक्त आकडे. आमच्या ऑफिसात बिल साठ दिवसांच्या वर गेलं की लाल करायचं असा नियम एक्सेलमधे लावलेला आहे, तो ज्याला समजतो त्याला हा इव्हेंट पहिल्या दिवशी समजतो. उडी मारणं, खाली पडणं, जमिनीवर थांबणं हे सगळं तर बिहेवियर नावाच्या तयार गोष्टीत मिळतं, हिरोला एक बिहेवियर लावायचं, जमिनीला दुसरं, झालं, गुरुत्वाकर्षण आपल्याला लिहावं लागत नाही.

भाच्यानं काय बनवलं ते सांगते म्हणजे कल्पना येईल. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत पेलत न्यायची उंच काठी. बाराबंदी घातलेला माणूस, हातात उंचच्या उंच काठी, आणि वाऱ्यानं ती एकीकडे कलायला लागते, डावा उजवा बाण दाबून सरळ धरायची आणि जिथं अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यापर्यंत न्यायची. कागदावर मांडलं तर फार थोड्या अटी आहेत यात. काठीचा कोन दर क्षणाला वाऱ्याइतका बदलायचा, वारा म्हणजे एक व्हेरिएबल, बदलता आकडा ठेवायची जागा, ते मधूनमधून आपोआप बदलतं. बाण दाबला की कोन उलट दिशेला. कोन ठराविक अंशांच्या पलीकडे गेला की सीन पहिल्यापासून. संमती कट्ट्याला पोचला की अक्षता. अक्षता कशा पाडायच्या याच्यावर आम्ही दोघं अडलो होतो, मग कळलं की जीडेव्हलपमधे पार्टिकल एमिटर नावाची वस्तूच आहे, धूर पाऊस ठिणग्या असलं काही पाडायला, तिला पांढरा पिवळा रंग दिला की अक्षता. ताईच्या सासऱ्यांनी तो खेळून बघितला आणि त्यांनी तरुणपणी नंदीध्वज पेलला असल्यामुळे लगेच चूक काढली, म्हणाले अरे काठी कलल्यावर माणूस नुसता हातानं सावरत नाही, पाय टाकतो. मग पोरानं पाय टाकायची अट घातली आणि गेम एकदम खरा वाटायला लागला. नातू आणि आजोबा एका स्क्रीनसमोर बसून कोनाबद्दल भांडतायत हे मोबाईल काढून घेऊन झालं नसतं.

आता नो कोड, म्हणजे कोड न लिहिता बनवायचं, म्हणून डोकं लावायला लागत नाही असं मात्र कुणी समजू नये, उलट हेच मला या पत्रात ठासून सांगायचंय. कोड लिहावा लागत नाही पण विचार सगळा तोच करावा लागतो. एक उदाहरण देते जिथं जवळजवळ प्रत्येक नवशिका अडकतो. समजा कट्ट्याला पोचल्यावर हलगी वाजली पाहिजे. अट बरोबर लावली, कृती बरोबर लावली, आणि गेम चालवला की हलगीच्या जागी नुसता कर्कश गोंधळ ऐकू येतो. कारण गेम एका सेकंदात साधारण साठ वेळा सगळ्या अटी वरपासून खालपर्यंत तपासत असतो, माणूस कट्ट्यावर उभा आहे तोपर्यंत अट प्रत्येक वेळी खरी ठरते, म्हणजे सेकंदाला साठ हलग्या सुरू होतात. त्यावर उपाय म्हणून ट्रिगर वन्स नावाची एक जादा अट असते, ती लावली की अट खोट्याची खरी होते त्या क्षणी एकदाच कृती होते, परत खोटी होऊन खरी होईपर्यंत गप्प. हे ज्याला स्वतः शोधून सापडलं त्याला कॉम्प्युटर कसा विचार करतो याचा अर्धा पाया समजला असं मी म्हणेन, आणि उद्या तो कोडिंगची कुठलीही भाषा, पायथन शिको की सी शार्प, हे समजलेलं वाया जात नाही. क्लासमधे पाठ करून घेतलेल्या कोडच्या ओळींपेक्षा ही साठ हलग्यांची गडबड जास्त शिकवते.

आणि सोलापूरच्या माणसानं तर या गोष्टीला घाबरायचं काहीच कारण नाही. आपली चादर ज्या जेकार्डवर विणली जाते ते यंत्र फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जाकार यांनी 1804 च्या सुमाराला आणलं. भोकं पाडलेली कार्डं, भोक असेल तर ताण्याचा म्हणजे उभा धागा वर, नसेल तर खाली, कार्डांची माळ फिरत जाते आणि कापडावर मोर उमटतो. याच कार्डांवरून इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं पुढे आपल्या आकडेमोडीच्या यंत्राला, म्हणजे अ‍ॅनालिटिकल इंजिनला हुकूम द्यायची कल्पना घेतली, आणि 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत हॉलरिथनं भोकाची कार्डंच वापरली. म्हणजे असेल तर हे नसेल तर ते, ही जी गेममधली अट आहे ती आपल्या विणकरांच्या पूर्व भागात पिढ्यानपिढ्या खटखट वाजत आलीये. जुने डिझायनर ग्राफ पेपरवर चौकोन भरून नक्षी काढायचे, एक चौकोन म्हणजे धाग्याची एक जागा. गेममधली पिक्सेल आर्ट अगदी हीच आहे, 32 बाय 32 चौकोनांत माणूस बसवायचा. पिस्केल नावाचं फुकट साधन ब्राउझरमधे उघडतं, त्यात चौकोन भरत बसायचं. ज्या घरात कुणी ग्राफवर चादरीचं डिझाइन काढलंय त्या घरातल्या पोरांना हे शिकवायला बाहेरचा सर लागत नाही, घरातल्याच माणसाला शेजारी बसवा. हे मी कारखान्यात बसून रोज बघते आणि मनापासून सांगते, ही माणसं आपल्याला कॉम्प्युटर येत नाही म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं.

बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. कन्स्ट्रक्ट 3 हे जीडेव्हलपसारखंच, अट आणि कृतीवालं, ब्राउझरमधे चालणारं आणि दिसायला जास्त गुळगुळीत, पण फुकटात मर्यादित वापर मिळतो आणि पुढे दरवर्षी पैसे. गेममेकर नोव्हेंबर 2023 पासून, गेम विकायचा नसेल तर फुकट आहे, त्यातही कोडऐवजी ठोकळे लावायची सोय आहे. आरपीजी मेकर विकत घ्यावं लागतं. अनरियलमधे ब्लूप्रिंट म्हणून रेषा जोडत जायची फार ताकदवान पद्धत आहे पण त्याला भारी कॉम्प्युटर लागतो, घरच्या जुन्या मशीनवर नादी लागू नका. युनिटीला बहुतेक वेळा सी शार्प लागतं. गोडो फुकट आहे, अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं, 2014 साली ओपन सोर्स झालं, हलकं आहे, पण त्यात शेवटी थोडं का होईना लिहावं लागतं, म्हणून जीडेव्हलपवर एकदोन गेम पूर्ण केल्यावर तिकडे जावं असं माझं मत.

यावर कुणी म्हणेल की हे सगळं खेळण्यातलं झालं, खरे गेम असे बनत नाहीत. बनतात. अंडरटेल हा 2015 चा जगभर गाजलेला गेम गेममेकरमधे बनलाय. 2017 चा हॉलो नाइट हा ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या छोट्याशा टीमनं युनिटीत बनवला आणि त्यात प्लेमेकर नावाचं बिनकोडचं साधन वापरलं होतं. आणि फार लांब जायला नको, राजी हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं अनरियलवर बनवून 2020 साली आणला. पुणे म्हणजे आपल्यापासून चार तासांवर.

ज्यांना चित्रं काढायला आवडत नाहीत पण लिहायला आवडतं त्यांच्यासाठी ट्वाइन आहे आणि हे मला मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांना खास सांगायचंय. 2009 पासूनचं आहे, फुकट, यात गोष्ट लिहायची आणि मधेमधे वाचणाऱ्याला पर्याय द्यायचे, हे केलंस तर या पानावर जा ते केलंस तर त्या पानावर. शेवटी एक साधी फाइल तयार होते जी कुठल्याही मोबाईलच्या ब्राउझरमधे उघडते. आता विचार करा, मे 1930 चं सोलापूर, गांधीजींना अटक झाल्याची बातमी आलीये, गिरणीतली माणसं रस्त्यावर उतरलीयेत, पुढे मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा येणार आहे. आठवीच्या मुलांना यावर ट्वाइनमधे गोष्ट लिहायला दिली तर प्रत्येक वळणावर त्यांना शोधावं लागेल की तेव्हा खरंच काय झालं होतं, कोण कुठे होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं हे मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात, याच चौघांचे पुतळे असलेल्या चार पुतळा चौकातून रोज जातात, पण त्या दिवसांत आपण असतो तर काय केलं असतं हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा अशा गोष्टीतच पडेल.

मराठीचं म्हणाल तर एक अडचण येते, ती आधीच सांगते. गेममधे मराठी अक्षरं टाकली की कधीकधी जोडाक्षरं फुटतात, काना वेलांटी भलतीकडे जाते. जीडेव्हलपमधे साधी टेक्स्ट वस्तू घ्यायची आणि फाँट मुक्ता किंवा बालू घ्यायचा, दोन्ही मुंबईच्या एक टाइपनं केलेले, फुकट आणि वापरायला मोकळे, मग सगळं नीट दिसतं. बिटमॅप टेक्स्ट म्हणून दुसरी वस्तू आहे तिच्यात देवनागरी नीट बसत नाही, ती टाळा. चित्रं आणि आवाज गूगलवरून उचलून टाकू नका, सिनेमातल्या हिरोचा फोटो तर अजिबात नको, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. केनी नावाच्या नेदरलँडच्या साइटवर हजारो चित्रं अशी आहेत की त्यांच्या मालकानंच सगळ्यांना कशालाही वापरा म्हणून देऊन टाकलीत, तिथून घ्या. तयार गेम लोकांना दाखवायचा तर इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट टाकता येतो आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. प्ले स्टोअरच्या मागे सुरुवातीला लागू नका, तिथं खातं उघडायलाच 25 डॉलर लागतात, एकदाच लागतात पण शाळकरी पोराला कशाला.

आता खरी अडचण. कितीतरी घरात कॉम्प्युटर नाही, विडी आणि यंत्रमागावर चालणाऱ्या घरात कुठून येणार, एक मोबाईल असतो तोही बापाच्या खिशात. मोबाईलवरही होतं, जीडेव्हलपचं अ‍ॅप आहे, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या विद्यापीठातून आलेलं पॉकेट कोड आहे जे मोबाईलसाठीच बनलंय आणि स्क्रॅचसारखेच ठोकळे आहेत. पण छोट्या स्क्रीनवर बोटानं ओढणं त्रासाचं आणि डोळ्यालाही वाईट, म्हणून मला वाटतं जागा पाहिजे. कितीतरी शाळांत कॉम्प्युटर लॅब असते आणि शनिवारी दुपारी तिला कुलूप असतं. वाचनालयांत, महापालिकेच्या अभ्यासिकांत एकदोन कॉम्प्युटर असतात त्यावर फॉर्म भरायच्या दिवसांतच गर्दी. या मशीन जुन्या असल्या तरी स्क्रॅच आणि ट्वाइनला पुरतात. नवीन काही विकत घ्यायचं नाहीये, दोन तास कुलूप उघडायचंय आणि एक मोठं माणूस तिथं बसवायचंय ज्याला सगळं येत नसलं तरी चालेल पण पोरांना हाकलून देणार नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं हे आनंदानं करतील असं मला त्यांच्याशी बोलून वाटतं.

पालकांच्या मनात अजून एक भीती आहे, गेम म्हटलं की पैसे लावायचे गेम. ती भीती खरी होती, त्यात घरं बुडालीत. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं ऑगस्ट 2025 मधे कायदा करून बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम आणि साध्या गेमना वेगळं काढलंय. राज्यानंही 2025 मधेच अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स (सिनेमातले कॉम्प्युटरनं केलेले देखावे) आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं. म्हणजे सरकारला सुद्धा जुगार आणि गेम बनवणं यातला फरक कळलाय, तो घराघरात कळायला हवा. सगळीच पोरं यातून नोकरीला लागतील असं मी म्हणत नाही आणि जो क्लासवाला तसं म्हणेल त्याला फी देऊ नका. पण एकदा एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः बनवून चार लोकांना खेळायला देणं, त्यांनी काढलेल्या चुका ऐकून घेणं आणि परत बसून दुरुस्त करणं, हे आपल्या दहावीपर्यंतच्या शिक्षणात कुठं येतं सांगा.

सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन की पहिला गेम अगदी छोटा घ्या, एक सीन, एक खेळाडू, एक जिंकायची अट एक हरायची अट. पोरांच्या डोक्यात पहिल्या दिवशी शंभर जण एकत्र खेळतील असला मोठा ऑनलाइन गेम असतो, त्याला नाही म्हणू नका, वहीत लिहून ठेवायला सांगा आणि आधी हा छोटा पूर्ण करून घ्या. अर्धवट सोडलेल्या मोठ्या गेमपेक्षा पूर्ण झालेला वेडावाकडा छोटा गेम पोराला पुढचा गेम करायला बसवतो.

आपल्याकडे एक मागणं आहे संपादक साहेब. शिकवणारे व्हिडिओ नेटवर ढिगानं आहेत पण बहुतेक इंग्रजीत नाहीतर हिंदीत, आणि आपल्याकडच्या मुलांच्या घरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोललं जातं, पाचवीच्या पोराला इंग्रजी व्हिडिओत काय कळणार. रविवारच्या पुरवणीत अर्धा रकाना द्या, दर आठवड्याला एकच छोटी गोष्ट, या रविवारी मांजर चालवा, पुढच्या रविवारी स्कोअर मोजा, बटणांचं चित्र छापा आणि खाली साध्या मराठीत काय दाबायचं ते. पहिल्या काही रविवारांचं मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको, भाच्याकडून तपासून पाठवते. आणि ज्या शाळा किंवा वाचनालयं शनिवारी लॅब उघडायला तयार असतील त्यांची नावं आणि वेळा त्याच रकान्याखाली छापल्या तर पालकांना पोराला कुठं पाठवायचं ते कळेल.

आपली वाचक,
अशोक चौक, सोलापूर